खाडीची भिंत

आईची शाळा एका खोलीची होती. चार इयत्ता, एक शिक्षिका, एक दार, दोन खिडक्या आणि वर मंगलोरी कौले. भाईंदर पश्चिमेकडून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर राई गाव लागते. तिथून खाडीच्या अंगाला एक फाटा जात असे आणि फाट्याच्या शेवटी शेती आणि मासेमारी करणाऱ्यांचा एक पाडा होता. शाळा पाड्याच्या टोकाला होती. तिच्यापुढे घर नव्हते. भाताची खाचरे होती, मग बांध, मग खाडी.

खोली पाड्यातल्या लोकांनी स्वतः बांधली होती. आधी मुले देवळाच्या ओट्यावर बसत. मग एका घराने खळ्याची जागा दिली, बाकीच्यांनी होडीतून दगड आणले आणि सरकारने मास्तर पाठवला. ही माहिती तोंडी आहे. जागा कुणी दिली यावर सांगणाऱ्यांचे एकमत नव्हते. दोन घरे तो मान आपला असल्याचे सांगत. दगड होडीने आले, याबद्दल मात्र कुणाचे दुमत नव्हते.

एका खोलीत चार वर्ग बसवायची पद्धत पहिल्या मास्तरांनी घालून दिली. नंतर आलेल्या कुणीही ती बदलली नाही. प्रत्येक वर्ग एकेका भिंतीकडे तोंड करून बसे. भिंतीच्या खालच्या भागाला काळा रंग दिलेला होता, तोच त्या वर्गाचा फळा. पहिलीची दाराची भिंत. दुसरीची चिंचेची, कारण त्या बाजूला बाहेर चिंच होती. तिसरीची शेताची आणि चौथीची खाडीची. मुलांच्या पाठी एकमेकांकडे असत आणि मध्ये जी जागा उरे तिथे शिक्षक उभा राही. एका भिंतीवर गणिते लिहून द्यायची, ती सोडवून होईपर्यंत दुसऱ्या भिंतीला धडा वाचून दाखवायचा, तोवर तिसरीने शुद्धलेखन करायचे. जून महिन्यात वर्ग बदलले की मुले आपापले बसकर उचलून शेजारच्या भिंतीला जात.

त्यामुळे पाड्यात इयत्ता हा शब्द वापरात नव्हता. कोण किती शिकले हे भिंतीवरून सांगत. ‘तो चिंचेलाच बसला’ म्हणजे दुसरीत शाळा सोडली. ‘ती खाडीला पोचली’ म्हणजे चौथीपर्यंत गेली. लग्नाच्या बोलण्यातही हे येई. मुलगी खाडीला पोचली आहे असे ऐकल्यावर बाहेरगावच्या पाहुण्यांचा चेहरा कसा होतो, याची थट्टा पाड्यात चालत असे.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्ही परळची खोली विकून मीरा रोडला आलो. आई तेव्हा वसईकडच्या एका शाळेत शिकवत होती. घर बदलल्यावर तिने बदली मागितली आणि तिला ही शाळा मिळाली. ती मागणारे दुसरे कोणी नव्हते. मी कॉलेज संपवून एका वर्तमानपत्रात उपसंपादक म्हणून लागले होते. वडील फोर्टातल्या कचेरीत होते. पहिल्या दिवशी आई परत आली आणि तिने चार भिंतींची पद्धत समजावून सांगितली, तेव्हा वडील म्हणाले, “म्हणजे चार भिंती आणि तू पाचवी.” त्यानंतर घरात तिच्या शाळेचा विषय निघाला की ते तिला पाचवी भिंत म्हणत. आई हसत असे. तेव्हा चारही भिंतींना मुले होती.

आईचे पाड्याशी एकाच गोष्टीवरून खटके उडत. पाड्याच्या बोलीत ‘आहे’ला ‘हाय’ आणि ‘नाही’ला ‘न्हाय’ म्हणतात. हजेरी घेताना नाव पुकारले की मुले ‘हाय’ म्हणत. भाऊ आला नसेल तर बहीण ‘न्हाय’ म्हणे. आईला हे चालत नसे. हजेरीला ‘हजर’ म्हणायचे, ही तिची शिस्त होती. ती मारत नसे, पण ‘हजर’ ऐकू येईपर्यंत पुढचे नाव घेत नसे. शेजारच्या भिंतीची मुले पाठमोरी बसून खुदखुदत आणि ज्याचे नाव घेतले तो लाल होऊन शेवटी ‘हजर’ म्हणे. आईचे म्हणणे सरळ होते. ही मुले उद्या भाईंदरच्या हायस्कुलात जातील, तिथे त्यांना कोणी हसता कामा नये.

पाड्यातली एक बाई आपल्या शेतातली भाजी भाईंदरच्या बाजारात नेऊन विकत असे. तिची मुलगी दाराच्या भिंतीला बसत होती. ही भाजीवाली स्वतः याच खोलीत शिकलेली, शेताच्या भिंतीपर्यंत. मुलीला न्यायला आली की ती दारात उभी राहून आईची हजेरी ऐके आणि म्हणे, “बाई, तुमचा हजर म्हंजे पोलीस चौकीवानी वाटते.” आई म्हणे, “चौकीत जायला लागू नये म्हणूनच शिकवतेय.”

मुलगी हुशार होती. एका खोलीच्या शाळेचा जो एक फायदा असतो, तो तिने पुरता घेतला. पाठ शेताच्या भिंतीकडे असली तरी कान तिकडे असत. चिंचेच्या भिंतीला गेली तेव्हा तिला तिसरीच्या कविता येत होत्या. आईने ठरवून टाकले की ही चौथीला गेली की तिला स्कॉलरशिपला बसवायचे. भाजीवालीने त्यावर आपली अट सांगितली. मुलगी खाडीला पोचली आणि परीक्षेत तिचा नंबर आला, तर ती तिला पुढे हायस्कुलात घालेल, नवऱ्याचे ऐकणार नाही. नंबर नाही आला तर मुलगी बाजारात बसेल. “मना पन हाताखाली कोन हाय?” असे ती म्हणाली. आईने अट मान्य केली. त्या दिवसापासून त्या मुलीची परीक्षा हा आमच्या घरातला विषय झाला.

नव्वदच्या सुमारास पाड्याभोवतालची शेते विकली जाऊ लागली. मातीचे डंपर फाट्यावरून येऊन खाचरांत भरणी टाकू लागले. भाईंदरच्या वाटेवर एका नव्या इमारतीच्या तळमजल्यावर, दुकानांच्या गाळ्यांत, इंग्रजी शाळा सुरू झाली. सकाळी रिक्षा पाड्यात येई आणि टाय घातलेली मुले घेऊन जाई. आईची रिक्षा उलट दिशेने येत असे. दोन्ही रिक्षावाले एकमेकांना ओळखत. एकदा तिकडच्याने इकडच्याला विचारले, “तेरी सवारी एकही है क्या?” आईला हिंदी कळत होते.

मुले गेली ती खालून. दाराच्या भिंतीला एका जूनमध्ये कोणीच बसले नाही. ज्यांची नावे पटावर घातली होती त्यांचे पालक म्हणाले, नाव राहू द्या, नावाने काय बिघडते, मूल तिकडे जाते. पुढच्या वर्षी चिंचेची भिंत रिकामी झाली, त्याच्या पुढच्या वर्षी शेताची. आधीची मुले एकेक भिंत पुढे सरकत होती आणि मागे कोणी येत नव्हते. वरच्या भिंतींतूनही मुलगे निघाले, कारण शेताचे पैसे आलेल्या घरांनी ते आधी मुलग्यांवर खर्च केले. मुली राहिल्या.

आई पालकांकडे जाऊन बोलली. भाजीवालीचा धाकटा मुलगाही तोवर इंग्रजी शाळेत गेला होता. आईने तिला विचारले, “अगं, मुलगी माझ्याकडे आणि मुलगा तिकडे, हे कसं?”

“दोघांना न्हाय जमत, बाई.”

“पण तिकडे असं काय शिकवतात?”

भाजीवालीने उत्तर द्यायला वेळ घेतला नाही. “हितं पोरा हाय बोलली का तुमी गप बसवता. तिकडं हाय बोलली का टीचर हासते, गुड बोलते, आन वर फी घेते. आता तुमीच सांगा कनची शाला मोठी.”

शेजारच्या दोघीतिघी पदर तोंडाला लावून हसल्या. आईही हसली. घरी आल्यावर तिने हे वडिलांना सांगितले, तेव्हा ती हसत नव्हती. दुसऱ्या दिवसापासून तिने हजेरीला ‘हाय’ चालवून घ्यायचे ठरवले. पण आता समोर ज्या मुली उरल्या होत्या त्यांना ‘हजर’ची सवय झाली होती. तिने सांगितले, ‘हाय’ म्हटले तरी चालेल. त्या ‘हजर’च म्हणत राहिल्या. त्यांना वाटले, बाई परीक्षा घेतायत.

वडील म्हणाले, “तू या शाळेची हाय खाऊ नकोस.” त्यांना कोटी करायची नव्हती. आई उठून स्वयंपाकघरात गेली.

ज्या जूनमध्ये ती मुलगी खाडीच्या भिंतीला बसली, तेव्हा खोलीत तेवढी एकच भिंत भरलेली होती आणि तीही काही मुलींनी. बाकी तीन भिंतींचा काळा रंग तसाच होता. आई त्यांच्यावरही लिही. मुलीची तयारी घ्यायला आता जागा पुष्कळ होती. दाराच्या भिंतीवर अपूर्णांक, चिंचेच्या भिंतीवर बुद्धिमत्तेच्या आकृत्या, शेताच्या भिंतीवर व्याकरण. मुलगी खोलीभर फिरून उत्तरे लिही. सगळी शाळा एका विद्यार्थिनीला मिळाली होती. ज्या शाळेची अशी अवस्था होते ती फार दिवस राहत नाही, हे आईला माहीत होते. तिला ती फक्त परीक्षेपर्यंत राहायला हवी होती.

दिवाळीच्या आधी शिक्षण खात्याच्या कचेरीतून निरोप आला. पटावर नावे आहेत पण हजेरी लागत नाही. एक अधिकारी शनिवारी सकाळी प्रत्यक्ष येऊन पाहतील. मुले नसतील तर दिवाळीनंतर शाळा मोठ्या शाळेला जोडली जाईल. मोठी शाळा भाईंदरच्या रस्त्यापलीकडे होती. त्या रस्त्यावर दिवसभर डंपर चालत. पाड्यातल्या कुणी मुलीला एकटीने तो रस्ता ओलांडून पाठवले नसते. भाजीवाली पहाटे बाजारात जाई, तिला सोडायला आणायला कोणी नव्हते. तिने आईला तसे स्पष्ट सांगितले. म्हणजे शाळा गेली की परीक्षा गेली आणि परीक्षा गेली की मुलगी बाजारात.

त्या शनिवारी माझी साप्ताहिक सुटी होती. आईने सोबतीला ये म्हटले म्हणून मी गेले. पुढचे मी पाहिलेले आहे.

आम्ही पोचलो तेव्हा खोली भरलेली होती. चारही भिंतींना मुले पाठमोरी बसली होती, कित्येक वर्षांत दिसली नव्हती तशी. इंग्रजी शाळेला शनिवारी सुटी असे. भाजीवालीने आदल्या दिवशी घरोघर जाऊन सगळ्यांची मुले गोळा केली होती. तिने बाजार बुडवला होता. कुठल्या वयाचे कुठल्या भिंतीला, हे तिने स्वतःच्या आठवणीवरून लावले होते आणि ते बरोबर होते. टाय काढून ठेवायला सांगितले होते. ही सगळी नावे पटावर होतीच, त्यामुळे खोटे असे त्यात एकच होते, की ही मुले इथे शिकत नव्हती.

आई दारात थांबली. भाजीवाली म्हणाली, “बाई, काय बोलू नका. पोरांना मी शिकवलंय. साहेबांनी नाव घेतला का हाय बोलायचा न्हाय, हजर बोलायचा.”

आई आत जाऊन मधल्या जागेत उभी राहिली.

अधिकारी मध्यम वयाचे होते, घाटावरचे असावेत. वागायला सभ्य. त्यांनी चपला बाहेर काढल्या, भिंती पाहिल्या, चार वर्गांची पद्धत विचारून घेतली आणि चांगली आहे म्हणाले. मग खुर्चीवर बसून त्यांनी स्वतः हजेरी घेतली.

खाडीच्या भिंतीपासून सुरुवात केली. मुली एकेक करून ‘हजर’ म्हणाल्या. भाजीवालीची मुलगी सगळ्यांत मोठ्याने.

मग शेताच्या भिंतीचे पहिले नाव घेतले. मुलगा ताडकन उभा राहिला, पाठीमागे हात बांधून म्हणाला, “प्रेझेंट सर.”

अधिकाऱ्यांनी मान वर केली. पुढचे नाव घेतले.

“प्रेझेंट सर.”

चिंचेची भिंत. “येस सर.” “प्रेझेंट सर.” एक जण नाव घेण्याआधीच उभा होता. भाजीवाली दाराबाहेरून खुणा करत होती, पण मुलांची तोंडे भिंतीकडे होती. तिने त्यांना ‘हाय’ म्हणू नका एवढे नीट बजावले होते. तिसरा शब्द त्यांच्या तोंडात आहे, हे तिच्या लक्षात आले नव्हते. आईच्याही नाही. आपण दोघी ‘हाय’ आणि ‘हजर’ यावरून भांडलो तोवर मुले पुढे निघून गेली होती, असे आई नंतर म्हणाली.

शेवटी दाराच्या भिंतीला एकच लहान मुलगा उरला. भाजीवालीचा धाकटा. इंग्रजी शाळेत जाऊन त्याला काहीच महिने झाले होते. नाव घेतल्यावर तो उठला, गोंधळला, बहिणीकडे वळून पाहत म्हणाला, “हाय.”

“हाय?” अधिकारी म्हणाले. “मग मी हॅलो म्हणू का?”

सगळी खोली हसली. मुलगाही हसला.

आई म्हणाली, “सर, तो आहे म्हणतोय. इथल्या बोलीत आहेला हाय म्हणतात.”

“माहीत आहे मला, बाई.” त्यांनी हजेरीपट मिटला. “खाडीकडच्या मुली सोडल्या तर हा एकटाच तुमचा दिसतोय.”

मग ते उठले. बाहेर चिंचेखाली आईला म्हणाले, “मी आज हजेरी घेतली नाही, असं समजू. तुम्हाला त्रास व्हावा असं मला वाटत नाही. पण शाळा राहत नाही.” आईने त्यांना भाजीवालीच्या मुलीबद्दल सांगितले. परीक्षेपर्यंत तरी चालू ठेवा, म्हणाली. त्यांनी ऐकून घेतले. मुलीला बोलावून दोन गणिते विचारली, तिने ती तोंडी सोडवली. “हुशार आहे,” ते म्हणाले. “मोठ्या शाळेत हिचं चांगलं होईल.” आईने डंपरचे सांगितले. “रस्ता काही माझ्याकडे नाही, बाई.” ते खरे होते.

भाजीवालीने मुलांना घरी पाठवले. जाताना ती पोरांवर खेकसली, “सर म्हनं. एवढा सर सर करायला तो काय तुमचा मामा लागतं?” मग ती शाळेच्या ओट्यावर बसून राहिली.

दिवाळीनंतर शाळा उघडली नाही. मी आमच्या उपनगरांच्या पानासाठी बातमी लिहिली. मुख्य उपसंपादकांनी ती वाचली आणि म्हणाले, “मुलं नाहीत म्हणून शाळा बंद. यात बातमी काय? मुलं असताना बंद केली असती तर गोष्ट वेगळी.” बातमीच्या व्याख्येप्रमाणे त्यांचे बरोबर होते. ती लागली नाही.

आईची बदली मीरा रोडला हाटकेशच्या बाजूला एका शाळेत झाली, पाड्यापासून अगदी उलट टोकाला. त्या शाळेत वर्गाला वर्ग होते, दारावर इयत्तेच्या पाट्या होत्या. खाडीच्या भिंतीच्या बाकीच्या मुली कोणी मामाकडे, कोणी मावशीकडे राहायला गेल्या आणि तिथल्या शाळेत बसू लागल्या. भाजीवालीच्या मुलीचे नाव मोठ्या शाळेत चढले, तिथूनच तिचा स्कॉलरशिपचा अर्जही गेला. ती काही दिवस गेली. एकदा बापाने सायकलवरून सोडले, एकदा चुलत्याने. मग थांबली. आई रविवारी पाड्यात जाऊन तिला शिकवू लागली. दोनतीन रविवार शिकवले. पण रविवार हाच बाजाराचा मोठा दिवस होता आणि एका रविवारी आई गेली तेव्हा घराला कडी होती. शेजारीण म्हणाली, “मायलेकी बाजारात गेल्यात.” शाळेच्या खोलीत सिमेंटच्या गोण्या रचल्या होत्या. भरणीचे काम करणाऱ्यांनी ती तात्पुरती घेतली होती. गोण्या रचताना कुणीतरी काळ्या भिंतीवर खडूने त्यांचा हिशोब मांडला होता. आईने तो पुसला नाही. खडू अजून त्याच जागी सापडतो, एवढेच ती घरी म्हणाली.

परीक्षेच्या दिवशी आई रजा टाकून केंद्रावर गेली. फाटकाशी उभी राहिली. घंटा होऊन दार लागेपर्यंत थांबली आणि परत आली. वडिलांनी पाचवी भिंत हा शब्द त्यानंतर वापरल्याचे मला आठवत नाही.

पुढच्या काही वर्षांत आम्ही मीरा रोडलाच सिल्व्हर पार्कात थोडे मोठे घर घेतले. पाड्यात मी पुन्हा एकदाच गेले, कामानिमित्त. फाटा रुंद झाला होता. खोलीच्या जागी इमारतीचे पार्किंग होते. खाडी कुठल्या बाजूला आहे हे विचारावे लागले, आणि ज्याला विचारले तो वॉचमन नवीन होता.

नव्वदचे दशक संपत आले तेव्हा एका संध्याकाळी आई आणि मी भाईंदरच्या बाजारात गेलो होतो. भाजीच्या रांगेत भाजीवाली दिसली, आणि तिच्या शेजारी मान खाली घालून मेथीच्या जुड्या बांधत बसलेली मुलगी. मोठी झाली होती. एका गिऱ्हाइकाला वर न बघता सांगत होती, “आंटी, सुबह का माल है, ले लो.” आई जवळ गेली आणि तिने तिला नावाने हाक मारली. शाळेत मारायची तशी, पूर्ण नावाने.

मुलगी म्हणाली, “हजर.”

जुडी बांधता बांधता, मान वर न करता. आजूबाजूच्या बायका हसल्या. भाजीवालीही हसली आणि आईला पाहून उठून उभी राहिली. “बाई, तुमी हाव काय. आवो, ही अजून तशीच करते. कोन पन नाव घेतला का हजर. घरान पन. बाप हाक मारते तरी हजर. उद्या लग्नान बामनानी नाव घेतला तरी हजर बोलेल.”

मुलीने आता वर पाहिले. तिने आईला ओळखले आणि लाजली. मेथीच्या दोन जुड्या आईच्या पिशवीत टाकल्या, पैसे घ्यायला तयार होईना. आईने विचारले, “वाचतेस का काही?”

“न्हाय,” मुलगी म्हणाली.

आईने ते दुरुस्त केले नाही.

त्यानंतर तिने भाईंदरच्या बाजारात जाणे सोडले. भाजी ती इमारतीखालच्या हातगाडीवरून घेऊ लागली. तिथे हिंदीत बोलावे लागे आणि तिथे तिला कोणी ओळखत नव्हते.